कॅथलिक कलाकारांचा ऑनलाइन गट कसा उभा करावा

माझा पहिला गट दोन महिन्यांत १४० जणांचा झाला आणि पाचव्या महिन्यात मेला. बंद पडला नाही; निरोप रोज येत होते. सकाळी फुलांवर छापलेलं बायबलमधलं वचन, दुपारी कुठल्या तरी नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, सूचना, रात्री 'शुभ रात्री' आणि पवित्र मरीयेचं चित्र. अशाच एका संध्याकाळी एका चित्रकार मुलीने पेन्सिलीचं कच्चं रेखाटन टाकलं. मरीया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथच्या दारात पोचली आहे, दोघींचे हात पुढे आलेत, पण अजून एकमेकींना लागलेले नाहीत. त्याखाली जोडलेल्या हातांच्या तीन इमोजी आल्या, मग कुणीतरी तीर्थयात्रेच्या बसची वेळ टाकली आणि चित्र वर सरकून दिसेनासं झालं. रात्री ती गट सोडून गेली. जाताना काही लिहिलं नाही.

मी स्वतः अक्षरलेखन करते. दुसरा गट आम्ही सहा जणांनी सुरू केला, त्याला तीन वर्षं झाली, आज ४१ जण आहेत. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं पहिल्या गटात चुका करून शिकलेलं आहे. तुम्ही असा गट काढणार असाल तर सदस्य किती झाले हे बघू नका. या आठवड्यात किती जणांनी आपलं अर्धवट काम दाखवलं, तो आकडा लिहून ठेवा. बाकी सगळी खटपट त्या आकड्यासाठी आहे.

१. गट कुणासाठी, हे आधी एका वाक्यात लिहा

'कॅथलिक कलाकार' म्हटलं की तीन वेगळी माणसं डोळ्यांसमोर यायला हवीत. एक, उपासनेसाठी काम करणारी: वेदीमागचं चित्र, मूर्ती, आयकॉन (ठरलेल्या पद्धतीने रंगवलेलं पवित्र चित्र), याजकवस्त्रांवरचं भरतकाम, मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, गाणी. दुसरी, धार्मिक विषयावर पण चर्चबाहेरच्या भिंतीसाठी, पुस्तकासाठी, रंगमंचासाठी काम करणारी. तिसरी, रविवारी मिस्सेला जाणारी आणि सोमवारी ज्यांच्या कामात देवाचं नावही येत नाही अशी: ॲनिमेशनवाले, कादंबरीकार, छायाचित्रकार, जाहिरातीत काम करणारे.

या तिघांच्या अडचणी वेगळ्या असतात. पहिल्याला धर्मगुरूंशी आणि बांधकाम समितीशी कसं बोलावं हे हवं असतं. दुसऱ्याला आपलं काम 'पुरेसं भक्तिमय' नाही अशी टोचणी असते. तिसरा आपल्या व्यवसायात एकटा पडलेला असतो आणि गटातही कुणी त्याला विचारत नाही, कारण त्याच्या चित्रात क्रूस नसतो. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गरज या तिसऱ्याला असते आणि सर्वांत आधी तोच गळतो. तिघांनाही घ्यायचं असेल तर ते वाक्यात स्पष्ट लिहा. एकालाच घ्यायचं असेल तरी लिहा, त्यात वाईट काही नाही.

शैलीचं भांडण पहिल्या महिन्यातच येतं. सोनेरी पार्श्वभूमीचं आयकॉन तेवढंच खरं आणि अमूर्त चित्र म्हणजे थट्टा, असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याच्यासाठी द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या बिशपांच्या सभेचा) उपासनेवरचा दस्तऐवज हाताशी ठेवा, ४ डिसेंबर १९६३ चा. त्याच्या १२३ व्या परिच्छेदात म्हटलंय की ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, कुठलीही एक कलाशैली खास आपली म्हणून स्वीकारलेली नाही. प्रत्येक काळातल्या शैलींना तिने जागा दिली आहे. हा परिच्छेद आमच्या नियमांच्या पानावर सर्वांत वर आहे. त्याने वाद संपत नाही, पण आवाज खाली येतो.

२. नाव ठेवताना 'कॅथलिक' शब्दाशी जपून

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसले. पहिल्या गटाचं नाव, बोधचिन्ह, सगळं दणक्यात केलं. नावात 'कॅथलिक' होतंच, शिवाय चिन्हात पोपच्या किल्ल्या. मग एका प्रदर्शनासाठी चर्चचं सभागृह मागायला गेले तेव्हा शांतपणे विचारलं गेलं, "हे नाव वापरायला कुणाची परवानगी घेतली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, दोन्ही बाजू आहेत. २१५ वा नियम सांगतो की श्रद्धावंतांना एकत्र येऊन संस्था-संघ काढायचं स्वातंत्र्य आहे. म्हणजे गट काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पण २१६ वा नियम उपक्रमांबाबत आणि ३०० वा संघांबाबत सांगतो की सक्षम धर्माधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुणी स्वतःला 'कॅथलिक' हे नाव लावू नये. सक्षम अधिकारी कोण, ते ३१२ व्या नियमात आहे: धर्मप्रांतापुरतं असेल तर तिथले बिशप, देशभराचं असेल तर बिशप परिषद, अनेक देशांत पसरलेलं असेल तर थेट रोम. ऑनलाइन गट तिसऱ्या आठवड्यातच तीन देशांत पोचतो. आता कुणाच्या दारात उभं राहायचं?

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. नावात तो शब्द नको. नावाखालच्या ओळीत 'कॅथलिक कलाकारांनी एकमेकांचं काम पाहण्यासाठी चालवलेला खासगी गट' असं खरं ते लिहा. ते वर्णन झालं, पदवी नव्हे. नावासाठी संत भरपूर आहेत. चित्रकारांचे लूक, संगीतकारांच्या सिसिलिया, लेखक-पत्रकारांचे फ्रान्सिस दि सेल्स. फ्रा अँजेलिको या डोमिनिकन चित्रकाराला पोप दुसऱ्या जॉन पॉलनी १९८४ साली कलाकारांचा आश्रयदाता घोषित केलं. ही नावं आधीच बऱ्याच गटांनी घेतलेली असतात, म्हणून शोधून बघा.

पोपचं चित्र, नाव किंवा राजचिन्ह बोधचिन्हात अजिबात घेऊ नका. त्याच्या वापराबद्दल व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयाने २००९ साली जाहीर निवेदन काढलेलं आहे.

आणि हो, परवानगी लागत नसली तरी आपल्या धर्मग्रामातल्या (स्थानिक चर्चच्या) फादरांच्या कानावर घाला. एक पान लिहून द्या. उद्या कुणी तक्रार घेऊन गेलं तर त्यांना गटाचं नाव पहिल्यांदाच ऐकू येऊ नये.

३. पहिले सहा जण निवडा, गोळा करू नका

व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ माणसं मावतात. हा मोह आहे. ओळखीच्या चार गटांत दुवा टाकला की दोन दिवसांत शंभर जण येतात, आणि त्यातल्या नव्वदांना काम दाखवायचं नसतं, बघायचंही नसतं.

सहा जण पुरेत. तिघे तरी वेगवेगळ्या कलेतले असू द्या. सहाही चित्रकार असतील तर गप्पा कागद आणि रंगांच्या कंपन्यांवर अडकतात. आमच्यात एक ऑर्गन वाजवणारा आहे. चित्रात 'इथे श्वास घ्यायला जागा नाही' असं तो म्हणाला, ते कुठल्याही चित्रकाराला सुचलं नव्हतं.

प्रत्येकाला वेगळं, त्याचं काम बघून लिहा. मी पाठवलेला निरोप असा होता, हवा तर उचला:

"नमस्कार. तुमची शुभवर्तमानावरची लाकडी छाप्यांची मालिका पाहिली. तिसऱ्या छाप्यात पेत्राचा चेहरा दिसतच नाही, ते फार आवडलं. आम्ही सहा जण दर गुरुवारी ४० मिनिटं ऑनलाइन भेटून एकमेकांचं अपुरं काम बघणार आहोत. विक्री नाही, वर्गणी नाही, फॉरवर्ड नाहीत. सहा आठवडे येऊन बघाल का? नंतर नको वाटलं तर कारण न सांगता थांबता येईल."

त्यातलं शेवटचं वाक्य काढू नका. बाहेर पडायची वाट दिसली की माणूस आत यायला घाबरत नाही.

पहिले सहा आठवडे नवीन कुणी नको, कितीही जवळचा असला तरी. या काळात सवयी ठरतात. सातवा माणूस तयार सवयीत येतो आणि आपोआप तसा वागतो.

धर्मगुरूंना गटात घ्यावं का? सल्लागार म्हणून जरूर, शक्यतो कलेची आवड असलेले. ॲडमिन म्हणून नको. फादर ॲडमिन असले की लोक कच्चं काम दाखवत नाहीत, स्वच्छ केलेलं तेवढं आणतात, आणि विवस्त्र मानवाकृतीचा अभ्यास तर कुणीच दाखवत नाही. दोष फादरांचा नाही, आपल्या भिडेचा आहे.

४. जागा आणि साधनं

यावर लोक आठवडे घालवतात. एवढा विचार नको. मात्र गप्पा आणि काम एका जागी ठेवू नका. पहिल्या गटात ते रेखाटन वाहून गेलं ते याच कारणाने.

गप्पांसाठी सगळ्यांकडे असेल ते घ्या, बहुधा व्हॉट्सॲप. लक्षात ठेवा, तिथे गटातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा फोन नंबर दिसतो. काही स्त्रिया याच कारणाने येत नाहीत आणि तसं सांगतही नाहीत. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. कामासाठी डिस्कॉर्ड बरं, कारण चित्र, संगीत, लेखन यांच्या वेगळ्या खोल्या करता येतात आणि एका कामाखालची चर्चा त्याच्याखालीच राहते. कुणाला ते अवघड वाटलं तर सामायिक ड्राइव्हमध्ये प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करा. साधं आहे, पण चालतं.

व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवायचंच असेल तर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबलं जाऊन रंग आणि बारीक रेषा बिघडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत तो कुठे काढला याची माहितीही सोबत जाऊ शकते. घरी काढलेला असेल तर आधी ती पुसा.

भेटीसाठी फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद होतं. सुरुवातीला याचा राग आला होता. आता सशुल्क घेणं परवडत असूनही घेत नाही. चाळीस मिनिटांत दोन कामं नीट बघून होतात आणि कुणी प्रवचन सुरू करत नाही.

पहिल्या दिवशी हाताशी हवं ते:

- उद्देशाचं एक वाक्य आणि त्याखाली अर्ध्या पानाचे नियम
- सदस्यांची नोंद: नाव, कला, भाषा, राहत्या ठिकाणची वेळ. जन्मतारीख, पत्ता, धर्मग्राम विचारू नका. जे साठवलं नाही ते फुटत नाही
- प्रत्येकाची लेखी संमती: 'माझं काम गटाबाहेर दाखवायचं असेल तर दर वेळी मला विचारा'
- वर्षाचं कॅलेंडर, उपासना वर्षाप्रमाणे
- खात्यांचे पासवर्ड, दोन माणसांकडे
- शंका विचारता येईल अशा एका धर्मगुरूंचा होकार

दोन माणसांकडे पासवर्ड असावा हे मी ठासून सांगते. आमची एक ॲडमिन बाळंतपणासाठी गेली आणि सात आठवडे नव्या माणसाला आत घेता येत नव्हतं.

५. काम बघायची रीत ठरवा

हे जमलं तर बाकी सगळं चुकलं तरी गट जगतो, म्हणून इथे जरा थांबते.

श्रद्धेच्या गटात टीका अवघड असते. "भक्तीने केलंय ना, मग कसली खोट काढायची?" असं कुणीतरी म्हणतंच. त्यांना वर सांगितलेल्या दस्तऐवजाचाच १२४ वा परिच्छेद दाखवा. चर्चमध्ये जाऊ नयेत अशा कलाकृती कोणत्या, हे सांगताना तिथे श्रद्धेला विसंगत कामांबरोबर कलात्मक दर्जा नसलेली, सुमार आणि दिखाऊ कामंही मोजली आहेत. सुमारपणा हा दोष आहे असं खुद्द परिषदेने लिहून ठेवलंय, तर आपण कशाला लाजायचं?

आमची रीत अशी. काम दाखवणारा आधी दोनच गोष्टी सांगतो: काम कुठल्या टप्प्यावर आहे, आणि त्याला कशाबद्दल विचारायचं आहे. "रंग ठरलेत, ते सोडून बोला. मला फक्त डाव्या आकृतीचं वजन खटकतंय." मग तो गप्प बसतो. बाकीचे क्रमाने सांगतात: मला काय दिसलं, कुठे अडखळलो, काय विचारावंसं वाटलं. 'छान', 'सुंदर', 'देव तुझं भलं करो' हे शब्द या चाळीस मिनिटांत बंद. नंतर गप्पांत हवे तेवढे म्हणा. सुरुवातीला फार कोरडं वाटतं. एका कवीने दुसऱ्या आठवड्यात मला खासगीत लिहिलं की हा प्रकार परीक्षेसारखा आहे. चौथ्या आठवड्यात त्याने स्वतःहून एक कविता तीन वेगळ्या शेवटांसह आणली.

आता सगळ्यात मोठा खड्डा. एका सदस्याने पवित्र आत्मा एका तरुणाच्या रूपात रंगवला. रात्रीत ९० निरोप आले. असं चालतं का, हा पाखंड आहे का, आयकॉनमध्ये तीन देवदूत असतात ते कसे चालतात. चित्रातला हात कोपरापासून चुकला होता, त्यावर एक शब्द नाही.

सकाळी मी आमच्या फादरांना विचारलं. त्यांनी १७४५ सालचं एक पत्र दाखवलं. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या बिशपना लिहिलेलं. तिथल्या क्रेसेन्शिया नावाच्या धर्मभगिनीशी संबंधित अशीच चित्रं फिरत होती, पवित्र आत्मा तरुणाच्या रूपात. पोपनी सांगितलं की अशी चित्रं मान्य नाहीत. कबुतर किंवा अग्निजिव्हा, जसं शास्त्रात दिसतो तसा दाखवा. त्या क्रेसेन्शियांना २००१ मध्ये संत घोषित केलं गेलं. म्हणजे चित्र नाकारलं गेलं, पण ज्या बाईवरून वाद झाला ती वेदीवर पोचली. हे ऐकल्यावर आमच्या चित्रकाराचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्याने चित्र बदललं, आणि हातही.

तेव्हापासूनचा नियम: शिकवणुकीबद्दल शंका आली तर ती एकाच माणसाने, एकदाच, फादरांना विचारायची. उत्तर येईपर्यंत गटात फक्त कामावर बोलायचं. उत्तर आलं की सगळ्यांना वाचून दाखवायचं आणि विषय मिटला. विश्वासाचे राखणदार होण्याची हौस आपल्यात फार असते. त्या हौशीला एक दार ठेवा आणि बाकी खिडक्या बंद करा.

याचबरोबर आणखी तीन विषय गटाबाहेर ठेवा: निवडणुका, लॅटिन मिस्सा विरुद्ध नवी मिस्सा, आणि मान्यता न मिळालेल्या दर्शनांचे निरोप. गिटार की ऑर्गन हा वाद मात्र आम्ही होऊ देतो. तो संगीतकारांचा हक्काचा आहे आणि त्यातून शिकायलाही मिळतं.

६. लय: कॅलेंडर तयारच आहे

इतर कलागटांना दर महिन्याला नवा विषय शोधावा लागतो. आपल्याला उपासना वर्ष दिलेलं आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस, पुनरुत्थानापासून (ईस्टरपासून) पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचे, पन्नास. मध्ये सणवार: २४ जानेवारीला फ्रान्सिस दि सेल्स, १८ फेब्रुवारीला फ्रा अँजेलिको, १८ ऑक्टोबरला लूक, २२ नोव्हेंबरला सिसिलिया. सणाच्या दिवशी त्या त्या कलेच्या लोकांनी सूत्र हाती घ्यायचं, एवढं ठरवलं तरी वर्ष उभं राहतं.

एक चूक करू नका. पहिल्या वर्षी मी उपवासकाळात 'रोज एक चित्र' जाहीर केलं. नवव्या दिवशी चौघे उरले, सतराव्या दिवशी मी एकटी, आणि ज्यांचं सुटलं ते शरमेने भेटीलाही येईनात. आता रविवारी एक, असे सहा. मागे राहिलेल्याला पुढच्या रविवारी धरता येतं.

काम देताना विषय अरुंद ठेवा. 'आशा' असं दिलं की चाळीस सूर्योदय येतात. 'पेत्र रडला तेव्हा त्याने तोंड कशाने पुसलं' (पेत्र म्हणजे येशूला नाकारून मग रडलेला त्याचा शिष्य) असं दिलं तर प्रत्येकाला हातरुमाल, बाही, दोरखंड असं काहीतरी शोधावंच लागतं.

भेट पाच मिनिटांच्या प्रार्थनेने उघडते. ती दर वेळी वेगळा माणूस घेतो आणि लांबवत नाही. महिन्यातून एकदा प्रार्थनेच्या जागी कलाकारांना उद्देशून लिहिलेल्या मजकुरातला एखादा परिच्छेद वाचतो. हे साहित्य वाटतं त्यापेक्षा बरंच आहे: पोप सहाव्या पॉलनी ७ मे १९६४ रोजी सिस्टिन चॅपेलमध्ये कलाकारांशी केलेलं बोलणं, १९६५ मध्ये परिषद संपताना कलाकारांना दिलेला संदेश, दुसऱ्या जॉन पॉलचं १९९९ च्या ईस्टरचं पत्र, सोळाव्या बेनेडिक्टनी २००९ मध्ये आणि फ्रान्सिसनी २०२३ मध्ये त्याच चॅपेलमध्ये घेतलेल्या भेटी. सहाव्या पॉलच्या बोलण्यात ख्रिस्तसभेकडून कलाकारांना त्रास झाला याची कबुली आहे. तिसऱ्या प्रकारच्या सदस्यांना ते मी मुद्दाम ऐकवते.

पूर्वेकडील कॅथलिक सदस्य असतील तर त्यांचं कॅलेंडर आधी विचारा. रोमशी एकरूप असलेल्या पूर्वेकडील ख्रिस्तसभा २३ आहेत. त्यांचा उपवासकाळ आपल्यासारखा राखेच्या बुधवारी (कपाळावर राख लावायच्या दिवशी) सुरू होईलच असं नाही, आणि काहींचा ईस्टरही वेगळ्या रविवारी येतो. त्यांच्या पवित्र आठवड्यात आम्ही एकदा आनंदमेळा ठेवला होता. त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

आणखी एक बारीक गोष्ट: काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे होतात, तीही वेगवेगळ्या तारखांना. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भेटीची वेळ दोन दिवस आधी पुन्हा कळवा.

७. हक्क, मोबदला आणि यंत्राने केलेली चित्रं

'देवाचं काम आहे, कुणाची परवानगी कशाला' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

जुनं चित्र हक्कमुक्त असतं, पण त्याच्या फोटोवर संग्रहालयाच्या अटी असू शकतात. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम हक्कमुक्त कलाकृतींची मोठी चित्रं मोकळी वापरायला देतात. संदर्भासाठी तिथून सुरुवात करा. भजनाचे शब्द जुने, चाल त्यानंतरची आणि वाद्यरचना कालपरवाची, असं तिपेडी असतं. तिन्हींचे हक्क वेगळे तपासा. बायबलच्या आधुनिक भाषांतरांवरही हक्क असतात. माझ्यासारख्या अक्षरलेखन करणाऱ्यांना हे उशिरा कळतं, वचन लिहून, छापून, वाटून झाल्यावर.

मोबदल्याबद्दल गटात उघड बोला. धर्मग्रामाच्या सणाचं पत्रक, संताचं चित्र, गायनवृंदासाठी नवी चाल, सगळं 'सेवा' म्हणून फुकट मागितलं जातं. सेवा द्यायला ना नाही, पण ती देणाऱ्याने ठरवायची. आमच्याकडे एक पानी करारनामा आहे: काय करायचं, कधी द्यायचं, किती वेळा बदल, रक्कम किती किंवा फुकट, मूळ प्रत कुणाची, नंतर छापायचा हक्क कुणाचा. फुकट असलं तरी कागद करा. उलट फुकट असेल तर जास्तच करा, कारण बदल तिथेच अमर्याद मागितले जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली चित्रं गटात चालतील की नाही, हे पहिल्या महिन्यात ठरवून टाका. आमच्याकडे काम म्हणून चालत नाहीत. रचना सुचण्यासाठी वापरली असतील तर तसं सांगायचं.

८. मुलं, खासगी निरोप, प्रार्थनेच्या विनंत्या

अठराखालच्यांना आम्ही घेत नाही. तुम्ही घेणार असाल तर पालकांची लेखी संमती, पालक त्याच गटात, मोठ्या माणसाने मुलाला खासगी निरोप पाठवायला बंदी आणि प्रत्येक भेटीला दोन जबाबदार प्रौढ, याखाली उतरू नका. धर्मप्रांताचे बालसुरक्षेचे नियम असतात, ते मागून घ्या आणि तेच लावा. मुलाचा चेहरा ओळखू येईल असं चित्र किंवा फोटो गटाबाहेर नको. कुणी म्हणेल की एवढ्याशा गटाला एवढं कशाला. त्याला उत्तर देत बसू नका.

प्रार्थनेच्या विनंत्या मायेने येतात आणि त्यात दुसऱ्याच्या आजारपणाचं नाव-गाव असतं. त्या आजारी माणसाला कुणी विचारलेलं नसतं. 'एका बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी' एवढं पुरे, देवाला पत्ता माहीत आहे.

गटाबाहेर खासगीत छळ झाला, पैसे मागितले, तर सांगायचं कुणाला? एका स्त्रीचं आणि एका पुरुषाचं नाव नियमांत लिहा. पैसे मागणारा पहिल्यांदाच बाहेर.

९. वाढ, थकवा आणि गप्प बसणारे

नवीन माणसाला आत घेण्याआधी एका भेटीला पाहुणा म्हणून बोलवा. येताना एक अपुरं काम आणायला सांगा. पूर्ण झालेली दहा कामं पाठवणारे बरेच भेटतील. त्यांना ग्राहक हवे असतात. तेही ठीक, पण त्यासाठी जागा वेगळी.

पंचविसाच्या पुढे एका भेटीत सगळे मावत नाहीत. आम्ही तीन चुली केल्या: चित्र-शिल्प, शब्द, संगीत. महिन्यातून एकदा तिन्ही एकत्र. एकत्र भेट सोडू नका, नाहीतर वर्षभरात तीन अनोळखी गट होतात.

ॲडमिन दर वर्षी बदला, मन लावून करणारा असला तरी. जाणाऱ्याने पुढच्याला एक फाइल द्यायची: पासवर्ड, नियम, फादरांचा संपर्क, गेल्या वर्षी काय फसलं त्याची यादी. ती शेवटची यादी आमच्याकडे सर्वांत जास्त वाचली जाते.

गप्प बसणाऱ्यांना काढू नका आणि सगळ्यांदेखत टोचूही नका. तीन महिन्यांनी एकदा खासगीत विचारा, "बरं आहे ना?" एवढंच. काम कधी दाखवणार, हे विचारायचं नाही.

दुसरा गट स्थिरावल्यावर मी त्या रेखाटनवाल्या मुलीला लिहिलं. माफी मागितली, आणि दोघींच्या हातांमधली ती रिकामी जागा मला अजून आठवते असं कळवलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं: येईन, पण काही टाकणार नाही. तिला येऊन चौदा महिने झाले. दर गुरुवारी असते. दुसऱ्यांच्या रेषेबद्दल ती जे बोलते ते लोक वहीत लिहून घेतात. स्वतःचं चित्र तिने अजून दाखवलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.